हातचा

रास अल खैमाच्या दवाखान्यात, तळमजल्यावर,
जिथे एसीचं पाणी बादलीत ठिबकतं,
तिथे माझं टेबल. गरम मेणाचं भांडं, पिवळी पुट्टी
आणि पकड मोजायचं यंत्र.
त्याचा काटा आज कुणासाठीच
अकरा किलोच्या पुढे गेलेला नाही.

ओर्टविन सिमेंटच्या कारखान्यातला.
मनगट मोडलंय, जीभ शाबूत.
मूठ मिटा म्हटलं की अर्धीच मिटतो
आणि त्या अर्ध्या मुठीकडे बघत म्हणतो,
आमच्या या शब्दाचं मूळ सापडत नाही, सिस्टर.
(मी सिस्टर नाही. पाच आठवडे सांगतेय.)

पाय घ्या, म्हणाला. तुमचा पाद, आमचा फूस.
गुडघ्याला जानु, क्नी. दाताला दंत, त्सान.
एका घरातून निघालेली माणसं,
वाटेत फक्त आडनावं बदलली.
पण हांट?
(शेवटचा ट, दारात बोट चेमटावं तसा.)
त्याला लॅटिनमध्ये मामा नाही,
ग्रीकमध्ये साधा चुलत चुलता नाही.

मी पुट्टी खाली ठेवली.
अहो, पण हात! हस्त!
सुरुवातीचा ह तर सारखाच आहे की!
त्यानं मान हलवली, हळू,
रिपोर्ट सांगताना डॉक्टर हलवतात तशी.
तोंडावळा जुळतो. नातं नाही.
तुमचा ह वेगळ्या दारानं आत आला.

मला उगाच वाईट वाटलं.
लुलूच्या रांगेत कुणी सामंत भेटावा,
आपण हरखून गाव विचारावं,
आणि त्यानं म्हणावं, नाही हो, आम्ही ओडिशाचे.

मग आला कुठून?
कुणी म्हणतं, पकडणं या अर्थाचं
एक जुनं क्रियापद होतं, त्याचं हे पोर.
कुणी म्हणतं, त्या थंड समुद्राकाठी
आधी वेगळीच माणसं राहायची.
त्यांची भाषा बुडाली,
हा एवढा हात पाण्यावर राहिला.

म्हणजे बॅचलर व्हिसा, मी म्हटलं.
इथे ज्यांना गावी बायको, तीन पोरं,
तेही कागदावर बॅचलर.
तुमच्या शब्दाचंही घरदार असेल कुठेतरी,
फक्त नोंद नाही.
तो हसला. यंत्र हातातच होतं.
काटा बारावर.

शेजारच्या खुर्चीत बाणकोटचा मुजम्मिल परकार,
मेणात बुडवलेला उजवा पंजा वर धरून.
इतका वेळ गप्प होता. म्हणाला,
आमचा नाखवा लिंगेचा, पलीकडचा.
गोण चढवताना ओरडतो, दस्त! दस्त!
तो पण हातच ना, मॅडम?

ओर्टविन खुर्चीतून उठलाच.
हो! ही मात्र तुमची सख्खी.
हस्त, दस्त. एका आईची.

सख्खी, आणि राहते कुठे तर
खाडीतून संध्याकाळी सुटलेलं गलबत
सकाळी जिथे लागतं, तिथे.
मी खिडकीकडे पाहिलं. खिडकी पार्किंगकडे उघडते.

मुजम्मिलच्या पंज्यावरचं मेण मी सोललं.
साखळीत दोन बोटं गेली, तर्जनी आणि मधलं.
गलबतावर गोणी मोजायचं काम त्याचं,
अंगठ्यानं पेरं मोजत,
एका पंज्यात बारा,
बारा झाले की हातचा एक.

आता कसं करतोस?

त्यानं अंगठा उचलला,
करंगळीची तीन पेरं, तिच्या शेजारची तीन,
मग अंगठा पुढे गेला, सवयीनं,
जिथे काही नव्हतं तिथे क्षणभर टेकला
आणि परत आला.

सहावरच हातचा घेतो, म्हणाला.
हिशेब जुळतो.
वेळ लागतो फक्त.